टाळं लावण्याआधी: अडचणीतल्या हॉटेलवरचं कर्ज कसं सांभाळावं

अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका साठ-सत्तर खोल्यांच्या हॉटेलचा ताबा थकलेल्या कर्जापोटी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतला. कागद चोख होते, बंदोबस्त मिळाला, पंचनामा झाला, सील लागलं. दिवाळीनंतर बोलीदारांना दाखवायला दार उघडलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या गाद्यांवर काळी बुरशी होती. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं आणि गच्चीवरच्या एसीच्या तांब्याच्या नळ्या कोणीतरी कापून नेल्या होत्या. लॉबीतल्या गालिच्यावर पाय ठेवला की पाणी वर यायचं. आलेल्या बोलीदाराने मला एकच प्रश्न विचारला, “चटई क्षेत्र किती?” खोल्या किती हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

आम्ही कर्ज दिलं होतं ते चालत्या हॉटेलवर आणि विकायला काढल्या भिंती. वसुलीत बावीस वर्षं काढल्यावर मला या विषयात सांगावंसं वाटतं ते हेच: हॉटेल चालू आहे तोवर ते तारण, बंद पडलं की नुसती इमारत. गोदामातला माल महिनाभर पडून राहिला तरी विकता येतो, पण आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. पुढे लिहिलंय ते सहकारी बँका, एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्या) आणि बँकांच्या वसुली विभागात नव्याने आलेल्यांसाठी. प्रत्येक प्रकरणाचे कागद आपल्या वकिलाला दाखवायचेच, पण वकिलाला काय विचारायचं हे आधी आपल्याला कळलं पाहिजे.

पहिली पायरी: आकडे मागण्याआधी हॉटेलात जा

हप्ता तीस दिवसांपर्यंत थकला तर खातं एसएमए-शून्य (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं), साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन आणि त्यापुढे एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. ही वर्गवारी पाळायचीच. पण हॉटेल त्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतं. बँकेचा हप्ता मालक सगळ्यात शेवटी थकवतो. त्याआधी लाँड्रीवाला थकतो, मग भाजी आणि चिकनवाला, मग पीएफ, मालमत्ता कर, वीजबिल. म्हणजे आपल्याकडे पहिला हप्ता चुकतो तेव्हा आतलं दुखणं सहा-आठ महिन्यांचं जुनं असतं.

मरोळजवळच्या एका हॉटेलात मालकाने मला भरणा (विकल्या गेलेल्या खोल्यांचं प्रमाण) सत्तर टक्के असल्याचा तक्ता दाखवला. मी तो घेतला आणि तळघरातल्या लिनन रूममध्ये गेले. खोलीमागे चादरींचे निदान तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. तिथल्या काकांनी कपाट उघडलं तर वरच्या दोन फळ्या रिकाम्या. “मॅडम, लाँड्रीवाल्याने मागचं बिल मिळेपर्यंत माल अडवलाय. आम्हीच दुपारी धुतो आणि संध्याकाळी अंथरतो.” चादरीच्या कडेला छापलेल्या हॉटेलच्या नावातली दोन अक्षरं धुऊन धुऊन गेली होती. मी आधीच्या तीन महिन्यांच्या लाँड्रीच्या चिठ्ठ्या मागितल्या. धुतलेल्या चादरींचा आकडा आणि सांगितलेला भरणा यांचा काही केल्या मेळ बसेना. खरा भरणा चाळीसच्या आसपास निघाला.

दुसरं काम म्हणजे नाइट ऑडिटचा अहवाल रोज ईमेलवर मागवणं. मध्यरात्रीनंतर रिसेप्शनवर दिवस बंद करतात तेव्हा सॉफ्टवेअरमधून तो निघतो. किती खोल्या विकल्या, काय भावाने, पैसे रोख आले, कार्डावर की उधारीवर, सगळं त्यात असतं. मग साधं गणित मांडा. समजा ६० खोल्या आहेत, भरणा ६५ टक्के आणि सरासरी भाव ४,५०० रुपये. म्हणजे रोज ३९ खोल्या, १,७५,५०० रुपये, आणि तीस दिवसांचे ५२,६५,००० रुपये. आपल्या खात्यात ३१ लाखच आले असतील तर उरलेले कुठे गेले ते विचारा. बुकिंग साइट आपलं कमिशन कापून पैसे देतात, कंपन्या आणि ट्रॅव्हल एजंट उधारी ठेवतात, हे खरं. पण तेवढ्याने एकवीस लाखांचा फरक पडत नाही.

तो कुठे पडतो हे शोधायला रिसेप्शनवर चहा मागवा आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडवर स्वतःच्या फोनवरून पैसे द्या. स्क्रीनवर नाव कोणाचं येतं ते पाहा. कार्ड मशीनच्या पावतीवर कुठल्या बँकेचं नाव आहे तेही पाहा. मला दोनदा मालकाच्या मेव्हण्याच्या फर्मचं नाव दिसलं आहे.

तुलना करताना जून जूनशीच ताडून पाहा. मुंबईत पावसाळ्यात खोल्या पडून राहतात, हिवाळ्यात लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम जोरात असतात. डिसेंबरचे आकडे दाखवून मुदतवाढ मागणारा मालक आणि जुलैचे आकडे पाहून घाबरलेला शाखा व्यवस्थापक, दोघांचाही अंदाज चुकतो.

दुसरी पायरी: आपलं तारण नेमकं काय आहे ते तपासा

खातं बिघडायला लागलं, पण मालक अजून चहा पाजतोय, या काळात फाइलमधल्या उणिवा दुरुस्त करून घ्या. नोटीस गेल्यावर तो कशावरच सही करणार नाही.

सुरुवात जमिनीपासून. मालमत्ता पत्रक ताजं काढा आणि धारणाधिकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे, ते वाचा. मुंबईत हॉटेलखालची जमीन पुष्कळदा भाडेपट्ट्याची असते: महापालिकेची, शासनाची, बंदर प्राधिकरणाची, विमानतळ प्राधिकरणाची. तिथे आपल्याकडे गहाण आहे तो उरलेल्या मुदतीचा हक्क, आणि तोही जमीनमालकाच्या अटींवर. अंधेरीतल्या सेव्हनहिल्स हॉस्पिटलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं की महापालिकेच्या जमिनीवर महापालिकेच्या संमतीवाचून दिवाळखोरीतली योजना तिला बांधील करू शकत नाही. प्रकरण रुग्णालयाचं होतं, पण मी ते हॉटेलच्या प्रत्येक फाइलला लावून पाहते. गहाण ठेवायला जमीनमालकाची लेखी परवानगी घेतली होती का, आणि विकताना ती पुन्हा लागणार आहे का, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग नोंदणी. हक्कपत्रं ठेवून केलेलं गहाण असेल तर महाराष्ट्रात नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) दाखल करावी लागते. ती आहे का पाहा. कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडे बोजा नोंदलेला हवा. आणि सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंदणी तर प्राणच. २४ जानेवारी २०२०पासून तिच्याशिवाय सरफेसीखाली (कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली) कारवाईच करता येत नाही, आणि सरकारी करांच्या आधी आपला हक्क लागतो तोही या नोंदणीमुळेच. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२मध्ये हे सविस्तर मांडलं आहे.

इमारत गहाण आहे, पण आतलं सामान आणि येणी? फर्निचर, किचनची यंत्रं, जनरेटर, बुकिंग साइटकडून आणि कंपन्यांकडून येणारे पैसे यांचं नजरगहाण (ताबा मालकाकडेच ठेवून केलेलं गहाण) वेगळं लागतं. जुन्या फाइलींत ते हमखास राहिलेलं असतं. कर्जकबुलीपत्र तीन वर्षांच्या आत नवं करून घ्या. विमा पॉलिसीत बँकेचं नाव आहे का आणि धंदा बंद राहिला तर होणाऱ्या नुकसानीचं कलम आहे का तेही पाहा.

परवान्यांकडे बँकवाले फार कमी लक्ष देतात. याची मला मनापासून खंत वाटते, कारण हॉटेलची किंमत तिथेच अडकलेली असते. महापालिकेचा आरोग्य परवाना, अन्न परवाना, लिफ्टचा परवाना, परमिट रूम असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-तीन. दारूच्या परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. शुल्क मोठं असतं आणि नेमकं अडचणीतल्या मालकाकडे तेव्हाच पैसे नसतात. अग्निसुरक्षेचा ब नमुना दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. डिसेंबर २०१७मध्ये कमला मिल्सच्या आगीत चौदा माणसं गेली. त्यानंतर तरी हा कागद कोणी ‘फॉर्मॅलिटी’ म्हणू नये. प्रत्येक परवाना कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो, हे एका पानावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा.

तिसरी पायरी: हॉटेल चालवतंय कोण?

मालक, ब्रँड की कंडक्टर? मुंबईत रेस्टॉरंट आणि बार ‘कंडक्टिंग’वर, म्हणजे पैसे ठरवून दुसऱ्याला चालवायला, देणं सर्रास चालतं. खाली रेस्टॉरंट एकाचं, वर लॉजिंग दुसऱ्याचं, बँक्वेट हॉल तिसऱ्याच्या ताब्यात, आणि कर्ज मात्र सगळ्या इमारतीवर. ताब्याच्या दिवशी हे सगळे आपापले करार घेऊन उभे राहतात. म्हणून आधीच जाऊन प्रत्येकाचा करार, त्याची तारीख आणि नोंदणी तपासा. आपल्या गहाणाच्या आधीचा खरा भाडेकरू असेल तर त्याला संरक्षण आहे. विशाल कलसारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ते स्पष्ट केलं. गहाणानंतर, आपल्या संमतीशिवाय, साध्या कागदावर उभा केलेला करार वेगळा. सरफेसीच्या कलम १३(२)ची, म्हणजे थकबाकी भरायला सांगणारी, नोटीस पोचल्यावर नेहमीच्या व्यवहारापलीकडे तारण भाड्याने देता किंवा विकता येत नाही. खोल्या रोज देणं हा नेहमीचा व्यवहार. अख्खा मजला दहा वर्षांसाठी देणं नव्हे.

ब्रँड असेल तर त्यांचा व्यवस्थापन करार मागवून पूर्ण वाचा. शुल्क किती, करार कधी तोडता येतो, मालक बदलला तर काय, आणि फर्निचर बदलण्यासाठी उत्पन्नाचे किती टक्के बाजूला ठेवायचे. बँक, मालक आणि ब्रँड असा त्रिपक्षी करार असावा: आम्ही ताबा घेतला तरी तुम्हाला लगेच काढणार नाही, आणि तुम्ही आम्हाला नोटीस न देता निघून जाणार नाही. नावाजलेली पाटी असली म्हणजे हॉटेल सुरक्षित, असं समजू नका. जून २०२१मध्ये विमानतळाजवळचं हयात रीजन्सी बंद झालं, ते मालक कंपनीकडून पगारांसाठीही पैसे येत नव्हते म्हणून. ब्रँड हॉटेल चालवतो. पैसे घालायची जबाबदारी मालकाचीच असते.

चौथी पायरी: गल्ल्यावर हात

एकच पायरी धड करायची असेल तर ही करा. मालकाशी करार करून सगळं येणं एका राखीव खात्यात वळवा. कार्ड मशीन, क्यूआर, बुकिंग साइट आणि मोठ्या कंपन्यांना मालकाच्या सहीचं पत्र जाऊ द्या की यापुढे पैसे या खात्यातच. रोखीचा भरणा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

खात्यातून पैसे कोणत्या क्रमाने जातील ते लिहून ठेवा. जीएसटी आधी बाजूला काढा, ते हॉटेलचे पैसेच नव्हेत. मग पगार आणि पीएफ, मग वीज, गॅस, पाणी, मग किराणा, भाजी, लाँड्री, मग परवाने आणि विमा, मग दुरुस्तीचा राखीव निधी, आणि त्यानंतर आपलं व्याज. मी हा क्रम मांडला की संचालक मंडळात कोणीतरी दरवेळी विचारतं, “मॅडम, बँक शेवटी?” हो. आचारी आणि हाउसकीपिंगच्या बायका निघून गेल्या की व्याज कोण कमावणार? ही माणसं पहाटेच्या लोकलने विरारहून, अंबरनाथहून येतात. दोन महिने पगार थकला तर पासाचे पैसेही त्यांच्याकडे उरत नाहीत. पीएफ थकला तर तो कायद्याने सगळ्या कर्जांच्या आधी वसूल होतो, म्हणजे शेवटी आपल्याच खिशातून जातो.

बँक्वेटची आगाऊ रक्कम वेगळी मोजा. लग्नघराने मे महिन्यासाठी डिसेंबरात दिलेले पैसे मालक जुन्या उधारीत घालतो आणि मे उजाडला की जेवणावळीला पैसे नसतात. तारीखवार यादी घ्या आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल बंद आहे हे ऐकणारे आई-वडील मी पाहिले आहेत.

पाचवी पायरी: सावरायचं की वसूल करायचं

पगार, वीज, माल असा सगळा खर्च जाऊन हातात काही उरत असेल आणि फक्त कर्जाचा बोजा जड असेल, तर पुनर्रचना करा. खर्चच निघत नसेल तर मुदत वाढवून भोक मोठं होतं. मालकाने स्वतःचे काही पैसे घालायची तयारी दाखवली पाहिजे. फक्त आश्वासनावर एकही महिना देऊ नका. दिलात तर लेखी द्या, शेवटची तारीख घाला, आणि त्या काळात आपले हक्क अबाधित असल्याचं त्यात लिहून घ्या. एकरकमी तडजोडीत पहिली मोठी रक्कम आली तरच पुढचं बोलणं. एकाहून जास्त बँका असतील तर सगळ्यांनी एकत्र बसा. एकीने परस्पर खातं गोठवलं की हॉटेल आठवड्यात बसतं.

सहावी पायरी: सरफेसी, आणि ताब्याचा दिवस

सरफेसी कायदा २००२चा. सहकारी बँकांना तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२०ला पांडुरंग चौगुले प्रकरणात पक्कं केलं. पतसंस्थांना तो मार्ग नाही. त्यांना सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला घेऊन जावं लागतं.

क्रम असा. कलम १३(२)ची साठ दिवसांची नोटीस. कर्जदाराचा आक्षेप आला तर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर. हे उत्तर न दिल्याने चांगली प्रकरणं डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) लटकलेली आहेत. मग १३(४)खाली ताबा आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कर्जदाराला डीआरटीत जायला पंचेचाळीस दिवस असतात. तिथे आधीच कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवा.

हॉटेलच्या बाबतीत मात्र ताबा म्हणजे सील असं समजू नका. सांकेतिक ताबा (नोटीस लावून, कागदोपत्री) घेऊन हॉटेल चालू ठेवता येतं. तारण धंद्याच्या मोठ्या भागाचं असेल तर कलम १३(४) व्यवस्थापन हाती घ्यायची मुभाही देतं. आपण हॉटेल चालवू शकत नाही, म्हणून चालवणारी संस्था आधी ठरवून, दर आणि अटी लिहून ठेवा. ताबा घेतल्यावर मालमत्तेची शहाण्या मालकासारखी काळजी घेणं नियमांनीच आपल्यावर टाकलं आहे.

प्रत्यक्ष ताबा घ्यायचाच असेल तर पाहुणे कमी असलेला दिवस निवडा आणि आलेल्यांची सोय जवळच्या हॉटेलात आधीच करा. लॉकरमधलं पाहुण्यांचं सामान वेगळ्या पंचनाम्यात घ्या. बारमधल्या दारूला हात लावू नका. उत्पादन शुल्क विभागाला आधी कळवा आणि त्यांच्यासमोर मोजदाद करा. शीतपेटीतला नाशवंत माल त्याच दिवशी काढा. सॉफ्टवेअरचा बॅकअप, वेबसाइट आणि बुकिंग साइटचे पासवर्ड, फोन नंबर हे सगळं ताब्याच्या यादीत हवं. एका प्रकरणात इमारत आमच्याकडे आली, पण वर्षानुवर्षांची समीक्षा असलेलं बुकिंगचं पान मालकाने शेजारच्या हॉटेलला जोडून टाकलं. ते पान परत मिळालं नाही.

आणि हॉटेल बंद ठेवावंच लागलं तर रोज दोन तास एसी चालवणारा माणूस, पाणी उपसायचा पंप, चोवीस तास पहारा आणि चालू वीजजोडणी, एवढ्याला आधीच मंजुरी घ्या. हा खर्च विक्रीच्या रकमेतून वळता होतो.

सातवी पायरी: एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) कधी?

मालक कंपनी असेल, थकबाकी एक कोटीच्या वर असेल, कर्ज देणारे बरेच असतील आणि ब्रँडसकट चालतं हॉटेल विकायचं असेल, तर दिवाळखोरी संहितेचा रस्ता बरा. न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारला की स्थगिती लागते आणि आपली सरफेसीची कारवाईही थांबते, हे आधी पचवा. तिचा फायदाही आहे: त्या काळातली देणी भरत राहिलं तर शासकीय परवाने केवळ दिवाळखोरीमुळे काढून घेता येत नाहीत. कर्ज देणाऱ्यांच्या समितीत ६६ टक्के मतांनी योजना मंजूर होते, आणि कलम २९-अमुळे थकबाकीदार मालक सहसा मागच्या दाराने परत येऊ शकत नाही. कायद्यात ३३० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतील असं धरून हॉटेल चालवायच्या पैशांची सोय करा.

चालत्या हॉटेलला किंमत कशी येते पाहा. २०१९मध्ये लीला समूहाची बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची चार हॉटेलं ब्रुकफिल्ड या गुंतवणूक कंपनीने ३,९५० कोटींना घेतली, चालती आणि नावासकट. मुंबईचं हॉटेल त्यात नव्हतं. ते विमानतळ प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे.

आठवी पायरी: विक्री

मूल्यांकन दोन पद्धतींनी करून घ्या: चालत्या धंद्याच्या उत्पन्नावरून आणि जमीन-इमारतीवरून. राखीव किंमत फुगवली तर पहिले दोन लिलाव रिकामे जातात आणि बाजाराला कळतं की बँक दमली आहे. नोटिशीत देणी खरी लिहा. मालमत्ता कराचा महापालिका कायद्याच्या कलम २१२नुसार मालमत्तेवर पहिला बोजा असतो; पीएफ, वीज, भाडेपट्ट्याची थकबाकी आणि जमीनमालकाची हस्तांतरण फीसुद्धा लपवू नका. लपवलेलं देणं सापडलं की बोलीदार कोर्टात जातो आणि वर्ष वाया जातं.

पहिल्या लिलावाला तीस दिवसांची नोटीस, फसला तर पुढच्याला पंधरा. २०१६च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराला पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवून घेता येते ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. त्याला ही तारीख पत्राने आधीच कळवा. पुष्कळदा त्याच आठवड्यात तो गुंतवणूकदार घेऊन येतो. यशस्वी बोलीदाराने पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, बाकीचे पंधरा दिवसांत, आणि लेखी मुदतवाढ दिली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही.

विक्री प्रमाणपत्र देताना सोबत त्या पहिल्या पानावरची परवान्यांची यादी द्या, नव्या तारखांसकट. दारूचा परवाना आपोआप खरेदीदाराच्या नावावर जात नाही, त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते, हे त्याला बोलीआधीच लेखी कळवलेलं असावं. वसुली आणि खर्च वजा जाता काही उरलं तर ते कर्जदाराला परत करा. कमी पडलं तर हमीदारांवरची कारवाई त्याच आठवड्यात सुरू करा. त्यांच्या मालमत्तेचा शोध मात्र पहिल्या नोटिशीच्या दिवशीच घेऊन ठेवलेला असायला हवा.